सायकलीला आरसा हवाच

शाळेची स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम जुनी छायाचित्रे पाहतो, आपल्या तुकडीचे नाव शोधतो आणि मग लेखांकडे वळतो. शिक्षण, संस्कार, समाज आणि चळवळ या विषयांवर येथे भरभरून लिहिले जाते व ते लिहिले गेलेच पाहिजे. आम्ही मात्र या वेळी एका अगदी लहान वस्तूविषयी लिहिण्याची अनुमती घेत आहोत. ती वस्तू म्हणजे सायकलीच्या हँडलला बसवायचा आरसा. विषय किरकोळ वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ज्या मुलामुलींना आपण वाचायला, बोलायला आणि प्रश्न विचारायला शिकवले, ती शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता आता साधा राहिलेला नाही. आपल्या भागात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या सायकलीला मागचे दाखवणारा आरसा असलाच पाहिजे आणि तो बसवून देण्याचे काम शाळा, पालक व माजी विद्यार्थी यांनी मिळून अंगावर घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवासी शाळेत सायकलीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. मुले वसतिगृहात राहतात. वर्गखोली आणि भोजनगृह यांत काही पावलांचे अंतर. सायकल लागते कोठे? आमच्या मते निवासी शाळेतच हा विषय अधिक निकडीचा आहे. गावातून रोज सायकलीने शाळेत येणारे मूल लहानपणापासून रस्त्याला सरावते. कोणत्या वळणावर ट्रक दाबत येतो, कोणत्या पुलापाशी थांबून घ्यावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. वसतिगृहातील मुलाला हा सराव मिळत नाही. ते दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाते, वडिलांची उंच सायकल बाहेर काढते आणि एकदम भर रहदारीत उतरते. दहावीनंतर तर कनिष्ठ महाविद्यालय, आयटीआय, शिकवणी, एखादे अर्धवेळ काम या सर्वांसाठी सायकल हेच त्याचे वाहन ठरते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. या सायकलींमुळे खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलींच्या शिक्षणाचा धागा तुटता तुटता राहिला. मुलीच्या हाती सायकल देणे हे जसे समाजाचे कर्तव्य, तसेच ती सायकल सुरक्षित करून देणे हेही समाजाचेच कर्तव्य होय.

शिवाय हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या पालकांपैकी अनेकांची रोजीरोटी आजही दोन चाकांवर आणि दोन पायांवर चालते. पहाटे दूध घालणारे, गवंडीकामाला जाणारे, शेतमजुरीसाठी शेजारच्या गावी जाणारे, कुही-मांढळ-भिवापूर पट्ट्यातील मिरचीच्या सातऱ्यांवर देठ खुडायला जाणाऱ्या आयाबहिणी, हे सारे रस्त्याच्या डाव्या कडेने सायकल हाणीत जात असतात. आमच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च याच सायकलींवरून घरी येतो.

आता आपल्या भागातील रस्त्यांचा विचार करू. नागपूर-उमरेड मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला आणि त्यावरील वाहनांचा वेग वाढला. पाचगाव परिसरातील गिट्टी, उमरेडच्या खाणींतला कोळसा आणि वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर या परिसरातील लहानमोठ्या रस्त्यांवर दिवसरात्र धावतात. इतवारी-नागभीड ही अरुंद मार्गावरची छोटी गाडी कुही स्थानकावरून जात असे; मार्गाच्या रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली आणि तिच्या प्रवाशांना रस्त्याचाच आधार घ्यावा लागला. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयामुळे तालुक्यातील अनेक गावे आपल्या जुन्या जागेवरून उठली. जेथे शेत आणि घर एकमेकांना लागून होते, तेथे आता नव्या वसाहतीतून उरलेल्या शेतापर्यंत, नातेवाइकांपर्यंत, बाजारापर्यंतची वाट लांबली. अंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर २०२४ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला. तो पाहायला येणाऱ्या मोटारी सुट्टीच्या दिवशी ज्या रस्त्याने भरधाव जातात, त्याच रस्त्याने आमची मुले सुट्टीच्या दिवशी सायकलीवरून मामाच्या गावी जातात. विकासाला आमचा विरोध नाही. पूल हवेत, रस्ते हवेत. परंतु रस्ता रुंद होत असताना त्यावरचा सायकलस्वार मात्र दिवसेंदिवस कडेला ढकलला जात आहे, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी चार हजार आठशेहून अधिक सायकलस्वार होते. सर्व वाहनांचे मिळून पाहिले, तर अपघातांच्या प्रकारांत मागून बसलेली धडक हा सर्वात मोठा प्रकार असल्याचे त्याच अहवालात नोंदवलेले आहे. एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात या प्रकारात मोडतात. समोरून येणारे संकट माणसाला दिसते. पाठीमागून येणारे दिसत नाही, आणि सायकलस्वार हा रस्त्यावरचा सर्वात मंद वाहनचालक असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक वाहन त्याच्या पाठीमागूनच येते.

मोटारचालकाला तीन आरसे असतात. मोटारसायकलला आरसा असणे नियमानेच बंधनकारक आहे. सायकलस्वाराजवळ काय असते? त्याच्याजवळ कान असतात. आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर कानांच्या भरवशावर सायकली चालवल्या, हे खरे. त्या काळी रस्त्यावर एसटी येत असे ती अर्ध्या मैलावरून ऐकू येत असे. आज मागून एकाच वेळी टिप्पर, ट्रॅक्टर आणि दोन मोटारसायकली येत असतील, तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. एक वाहन गेले म्हणून सायकलस्वार पुन्हा डांबरावर चढतो आणि पहिल्याच्या आवाजाआड लपलेले दुसरे वाहन अंगावर येते. समोरून वारा असला की मागचा आवाज कानापर्यंत पोहोचत नाही. हिवाळ्यात पहाटे कानाला मफलर किंवा ओढणी गुंडाळलेली असते. विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर तर जवळजवळ आवाजच करीत नाहीत. कानात ध्वनियंत्र घालून सायकल चालवणाऱ्या मुलांविषयी वेगळे काय लिहावे! त्यांनी उरलेला एकमेव पहारेकरीही झोपवून टाकलेला असतो.

मग मान वळवून मागे पाहावे, असे कोणी म्हणेल. जरूर पाहावे, वळण्यापूर्वी तर पाहिलेच पाहिजे. परंतु सायकलीवर बसून उजव्या खांद्यावरून मागे पाहिले की हात नकळत खेचला जातो आणि सायकल उजवीकडे, म्हणजे नेमकी रहदारीकडे सरकते. कॅरिअरवर दप्तर, हँडलला डबा आणि पुढच्या दांडीवर धाकटा भाऊ असेल, तर तोल आणखी जातो. ज्या क्षणी आपण मागे पाहत असतो, त्या क्षणी पुढचा खड्डा दिसत नाही. उंच सायकलीवर पाय जेमतेम टेकणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने दर मिनिटाला असे मागे पाहावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. आरशात पाहण्यासाठी डोळे थोडे खाली आणि उजवीकडे न्यावे लागतात. मान व हात स्थिर राहतात. पुन्हा पुन्हा पाहता येते, हा त्याचा खरा लाभ आहे.

थोडे गणित मांडून पाहू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात सुमारे चार मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर येतो. म्हणजे दोघांतले अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. ट्रक शंभर मीटरवर असताना आरशात दिसला, तर सायकलस्वाराच्या हाती आठ सेकंद असतात. हॉर्न वाजल्यावरच त्याला कळले आणि तेव्हा ट्रक पंचवीस मीटरवर असला, तर उरतात दोन सेकंद. आपल्याकडील अनेक रस्त्यांना डांबराची कड तुटलेली असते आणि तिच्याखाली मुरुमाची पट्टी चार-सहा बोटे खोल गेलेली असते. आठ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, कड सपाट असलेली जागा पाहतो आणि सायकल सरळ धरून खाली उतरतो. दोन सेकंदांत तो दचकून हँडल फिरवतो, चाक कडेत अडकते आणि सायकल उजव्या अंगाला, चालत्या ट्रकच्या बाजूला कलंडते. अशा अपघातानंतर पोरगा स्वतःच घसरून पडला, असे सांगितले जाते. तो का घसरला, हे कोणी विचारीत नाही.

आरसा घेताना आणि बसवताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. मागचे वाहन उजवीकडून पुढे जाते. म्हणून एकच आरसा घ्यायचा असेल, तर तो उजव्या हँडलला लावावा. आरसे दोन प्रकारचे मिळतात. सपाट आरशात मागचे वाहन जेवढे दूर आहे तेवढेच दूर दिसते, पण रस्त्याचा थोडाच भाग दिसतो. फुगीर म्हणजे बहिर्वक्र आरशात रस्त्याचा बराच पट्टा मावतो, मात्र वाहने लहान आणि आहेत त्यापेक्षा दूर भासतात. मोटारीच्या आरशावर वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे अशी सूचना छापलेली असते, ती याचसाठी. सायकल सतत थोडी हलत असल्याने थोडासा फुगीर आरसा सोयीचा पडतो. फक्त त्यातला ट्रक दूर दिसला तरी तो जवळ आहे, हे मुलांना पहिल्या दिवशीच समजावून सांगावे. काचेचा आरसा अधिक स्पष्ट असतो, प्लास्टिकचा पडल्यावर फुटून हातात घुसत नाही. लहान मुलांसाठी दुसरा बरा.

जुन्या उंच सायकलींना रॉडचे ब्रेक असतात. तेथे आरशाची पट्टी रॉडच्या आड येत नाही ना, हे ब्रेक दाबून पाहावे. खडबडीत रस्त्यावर आरसा थरथरतो आणि हळूहळू खाली झुकतो. त्यावर आपल्या गावच्या सायकल मिस्त्रींचा उपाय सर्वांत चांगला: हँडलला जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि तिच्यावर पकड आवळावी. रबरामुळे आरसा घसरत नाही व थरथर कमी होते. आरशाचा कोन ठरवताना मुलाला सायकलीवर बसवून दुसऱ्याने सायकल धरावी. आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या कोपराची किंचित किनार दिसावी आणि मागचा रस्ता जेथे आकाशाला टेकतो ती रेषा आरशाच्या मध्यावर यावी. आभाळ किंवा स्वतःचा चेहराच दिसत असेल, तर त्या आरशाचा उपयोग नाही. हे सर्व शे-दोनशे रुपयांत होते.

आरसा म्हणजे चिलखत नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यात सारे दिसत नाही. अगदी उजव्या अंगाला आलेली मोटारसायकल आरशातून निसटते. म्हणून उमरेडकडून येऊन कुही फाट्यावर उजवीकडे वळायचे असेल, तर आधी आरशात पाहावे, मागे रिकामे वाटले तर एकदा मान वळवून खात्री करावी, हात दाखवावा आणि मगच वळावे. रहदारी दाट असेल, तर डावीकडे थांबून, उतरून, सायकल हाती धरून रस्ता ओलांडण्यात कोणताही कमीपणा नाही. चौकात उभ्या असलेल्या टिप्परच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये. त्याची चालकाची बैठक उंच आणि उजवीकडे असल्याने पुढच्या डाव्या चाकाजवळची सायकल त्याला दिसतच नाही, आणि तो डावीकडे वळला की मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आत येते. त्याच्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, एवढी खूण मुलांनी लक्षात ठेवावी. संध्याकाळनंतर आरशाचा उपयोग कमी होतो, कारण त्यात केवळ दिव्यांचे झोत दिसतात. त्या वेळी आपण इतरांना दिसणे अधिक महत्त्वाचे. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेबाबत आदेश काढला आहे. नव्या सायकलीवर ते असतात. जुन्या सायकलींच्या मडगार्डवर मागे लाल परावर्तक आणि पॅडलवर पिवळे परावर्तक लावून घ्यावेत.

इतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू आमच्या सायकलींवर का दिसत नाही? पैसा हे त्याचे कारण नव्हे. आमच्या मते खरे कारण लाज हे आहे. एके काळी नवी सायकल घेतली की तिला गोंडे, झेंडी, डायनामो आणि दोन्ही बाजूंना आरसे लावून सजवण्याची हौस होती. तेव्हापासून सायकलीचा आरसा हा शौक मानला गेला. आज एखाद्या मुलाने तो लावला, तर पानठेल्यावरची टोळी विचारते, 'काय बे, भांग पाडाले लावला का?' मुलीने लावला, तर शेरे याहून वाईट असतात. मोटारसायकलवाल्या तरुणांनी तर गाडी शोरूममधून आणताच आरसे काढून टाकण्याची चाल पाडली आहे, जणू मागे पाहणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे. थोरला भाऊ आरसे काढतो, ते पाहून धाकटा सायकलीला आरसा लावायला लाजतो. ही लाज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिची किंमत जीव देऊन चुकवावी लागते.

या संदर्भात एक इतिहास सांगण्यासारखा आहे. मोटारीला मागचा आरसा नव्हता त्या काळात, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील डोरोथी लेव्हिट या मोटारचालक स्त्रीने स्त्रियांसाठी मोटारविषयक पुस्तक लिहिले. गाडी चालवताना हाताशी एक छोटा आरसा ठेवा आणि मागची वाहने पाहण्यासाठी तो वेळोवेळी उचलून धरा, असा सल्ला तिने त्यात दिला. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून याने गाडीला आरसा लावला. इतर स्पर्धकांच्या गाडीत मागचे पाहून सांगायला एक मदतनीस बसलेला असे. हॅरून एकटाच बसला आणि शर्यत जिंकला. जी वस्तू एका स्त्रीने हाताशी ठेवायला सांगितली, ती आज जवळजवळ प्रत्येक मोटारीवर आहे. आमच्या मुलींनी हा इतिहास जाणून घ्यावा आणि कोणी हसले तर खुशाल हसू द्यावे.

मुलींच्या बाबतीत आरशाचे आणखी एक काम आहे आणि पालकांशी ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. एकाकी रस्त्यावर मागून आलेली मोटारसायकल पुढे न जाता वेग कमी करून मागेच रेंगाळते, हा अनुभव अनेक मुली सांगतात. अशा वेळी मागे वळून पाहिले तरी पंचाईत आणि न पाहिले तरी भीती. आरशात पाहणारी मुलगी मान न वळवता ओळखते की हे वाहन आपल्या मागे किती वेळ आहे, त्यावर किती जण आहेत. पुढच्या वस्तीत, दुकानापाशी, शेतात काम करणाऱ्या बायांपाशी थांबायचे हे ती आधीच ठरवू शकते. ११२ हा आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक तिला पाठ असावा. रस्त्यावर असा प्रसंग घडला की अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो मुलीची सायकल, आणि तिच्यासोबत शाळाही, बंद करण्याचा. म्हणूनच मुलीला रस्त्यावर निर्धास्त ठेवणारी प्रत्येक लहान गोष्ट आम्हांस शिक्षणाची गोष्ट वाटते.

आमच्या या मतावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ट्रक बेफाम चालवणाऱ्याने चालवावा, रस्त्याची कड बांधणाऱ्याने अर्धवट सोडावी, आणि आरसा लावायचा मात्र गरीब सायकलस्वाराने? उद्या एखादे मूल दगावले तर त्याच्या सायकलीला आरसा नव्हता म्हणून दोष त्याच्यावरच ढकलला जाणार नाही काय? हा धोका आम्ही ओळखतो. दुबळ्याच्या अंगावर दोष टाकण्याची रीत या देशात जुनी आहे आणि आपल्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणून आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो की आरसा नसणे हा सायकलस्वाराचा अपराध नाही आणि आरसा असल्याने ट्रकचालकाची जबाबदारी तिळभरही कमी होत नाही. शाळांजवळ गतिरोधक आणि सूचनाफलक, डांबराच्या कडेला समपातळीची साइडपट्टी, गावातील आंधळ्या वळणांवर मोठे बहिर्वक्र आरसे, टिप्परांच्या वेगावर आणि वेळांवर नियंत्रण या मागण्या ग्रामसभेत, नगरपंचायतीत आणि बांधकाम विभागाकडे आपण लेखी स्वरूपात केल्या पाहिजेत व त्यांचा पाठपुरावा केला पाहिजे. परंतु निवेदन दिल्यापासून रस्ता सुधारेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात मुले रोज त्याच रस्त्याने जात असतात. आरसा आज संध्याकाळी बसवता येतो. हक्काची लढाई आणि स्वतःची सावधगिरी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकवला, तसाच स्वावलंबनाचा धडाही दिला.

आरशाचा विषय निघाला असता आपल्या वाचकांना अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्ताचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. मज्झिम निकायातील या सुत्तात भगवान बुद्ध बालवयीन राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, तपासण्यासाठी असतो, असे राहुल सांगतो. त्याचप्रमाणे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर ते तपासून पाहावे, त्याने स्वतःला किंवा इतरांना पीडा तर होत नाही ना याचा विचार करावा, असा उपदेश बुद्ध त्याला करतात. पाली भाषेत या तपासण्याला पच्चवेक्खण म्हणतात. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावीत अशा धम्मवचनांची जी यादी कोरली, तीत राहुलाला केलेल्या उपदेशाचा समावेश आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो आरसा हँडलचा नव्हता, हे उघड आहे. परंतु एका लहान मुलाला सावधपणा शिकवताना त्याच्या हातात आरशाचेच उदाहरण द्यावेसे वाटले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. वळण्यापूर्वी पाहा, वळताना पाहा, वळून झाल्यावर पाहा, हे सायकलीवरच्या मुलाला सांगताना आपण त्याच परंपरेतला एक साधा धडा गिरवीत असतो. आणि इतरांना पीडा होऊ नये हा त्यातला भाग आमच्या मोटारसायकलवाल्या माजी विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. सायकलीजवळून जाताना हातभर नव्हे, चांगले दीड मीटर अंतर राखावे आणि काढून टाकलेले आरसे परत बसवावेत.

आता प्रत्यक्ष काय करता येईल, याविषयी आमच्या काही सूचना. दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याला पुष्पगुच्छाऐवजी एक आरसा आणि परावर्तकांचा जोड द्यावा. चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी आरशांचा खर्च सहा हजारांच्या आसपास येईल. माजी विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने एका वर्षाचा भार उचलला, तर कोणावरच ओझे पडणार नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या मैदानावर एक दिवस सायकलीसाठी राखून ठेवावा. ज्यांना सायकल येत नाही त्यांना ती शिकवावी, मुलींना आवर्जून शिकवावी. ज्यांना येते त्यांनी चुन्याच्या रेषेवरून सायकल चालवीत आरशात पाहावे. मागे उभ्या असलेल्या सोबत्याने हाताची बोटे उंच करावीत आणि सायकल रेषेवरून ढळू न देता किती बोटे आहेत ते सांगावे. मुलांना हा खेळ आवडेल आणि आठ-दहा फेऱ्यांत आरशाची सवय लागेल. गावातील सायकल मिस्त्रींना त्या दिवशी मानाने बोलवावे. ब्रेक, घंटी, साखळी आणि आरसा यांविषयी त्यांच्याइतके जाणकार दुसरे कोणी नाही, आणि हाताने काम करणाऱ्या माणसाला गुरूच्या जागी बसलेले मुलांनी पाहणे हेही शिक्षणच होय.

पालकांना आमची विनंती एवढीच की ही स्मरणिका वाचून झाल्यावर घरातली सायकल एकदा अंगणात उभी करून तपासावी. मुलाच्या उंचीला ती योग्य आहे काय, दोन्ही ब्रेक लागतात काय, मागे लाल परावर्तक आहे काय, आणि उजव्या हँडलला आरसा आहे काय? वडिलांनी स्वतःच्या सायकलीला तो प्रथम लावावा. बापाच्या सायकलीला आरसा दिसला की पोराला त्याची लाज वाटणार नाही. आईच्या सायकलीला दिसला, तर मुलीला कोणाला उत्तर देण्याची गरज उरणार नाही.

आमच्या शाळेने पहिल्या पिढीच्या मुलांना अक्षरे दिली. त्या मुलांतले कित्येक जण आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, लिपिक, शेतकरी म्हणून उभे आहेत आणि त्यांची मुले आज वर्गात बसली आहेत. इतक्या कष्टाने उभी राहिलेली ही रांग रस्त्याच्या कडेला, मागे काय आले हे न कळल्यामुळे खंडित होता कामा नये. येत्या सुट्टीत मुले घरी निघतील, तेव्हा ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांच्या पिशवीत पुस्तकांसोबत एक लहानसा आरसाही असावा, अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करू या.